कोनेररावांचं शेवाळ

प्रोफेसर कोनेरराव माझ्याशी तमिळ बोलू लागले की मी समजायचो, यांचं काहीतरी बिनसलं आहे. एरवी वर्गात इंग्रजी, कॉलेजच्या व्हरांड्यात तमिळ आणि सूक्ष्मदर्शकावर आम्ही दोघंच वाकलेले असलो की मराठी, अशी त्यांची वाटणी ठरलेली होती. ती मराठी आमच्या तंजावरकडची. पुढे मी नोकरीसाठी नागपूरला गेलो आणि तिथेच आयुष्य काढलं. माझं बोलणं ऐकून तिथले लोक विचारायचे, तुम्ही बखरीतून उठून आलात काय? हळूहळू मी माझी भाषा बदलली. पण कोनेररावांची आठवण आली की कानात अजून तीच वाजते. "दिसतें काय? नीट पाहा. घाई करूं नको. जें आहे तें कोठें जात नाहीं."

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी कुंभकोणमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा धाकटा लेक्चरर होतो आणि कोनेरराव आमचे विभागप्रमुख. अंगाने वाळके, कपाळावर गोपीचंदन, कासोटा घातलेलं धोतर आणि त्यावर गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. कोटाच्या दोन्ही खिशांत रुमालात गुंडाळलेल्या रिकाम्या बाटल्या असायच्या. ते चालायला लागले की त्या एकमेकींवर हलक्या आपटायच्या आणि व्हरांड्यातली मुलं वर्गात पळायची.

शेवाळ हा त्यांचा विषय. पाणी दिसलं आणि कोनेरराव सरळ पुढे गेले, असं कधी झालं नाही. लग्नाच्या पंगतीतून ते उठायचे ते हात धुवायला, आणि अर्ध्या तासाने सापडायचे परसात, केळीच्या बुंध्याशी साचलेल्या पाण्यावर वाकलेले. एकदा दारासुरमला एका रेशीम विणणाऱ्याच्या घरी आम्ही दोघं गेलो होतो. तिथल्या दगडी डोणीच्या कडेला त्यांना हवं तसं हिरवं बुळबुळीत काही दिसलं. बाटली आणली नव्हती, म्हणून उद्या येतो असं सांगून ते निघाले. घरच्यांना वाटलं, प्रोफेसरांनी आपल्या घरची घाण दाखवून दिली. दुसऱ्या दिवशी गेलो तर डोण नारळाच्या काथ्याने लख्ख घासून ठेवलेली, आणि घरधनी हसतमुखाने दारात उभा. कोनेररावांनी त्याचे आभार मानले, कॉफी घेतली आणि बसमध्ये बसल्यावर मला म्हणाले की तीस वर्षांची वस्ती एका सकाळीं उठवली.

त्यांच्या खोलीतल्या लाकडी पेटीत शेकडो काचपट्ट्या होत्या. प्रत्येकीवर गावाचं नाव आणि महिना, मोत्यासारख्या अक्षरात. त्यातली एक वेगळ्या कप्प्यात, कापसात ठेवलेली. ती विद्यार्थ्यांना दाखवली जात नसे. मला त्यांनी ती दाखवली माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, आणि दाखवताना खुर्चीवरून उठून उभे राहिले.

सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे तंतू होते, दोन-दोन एकमेकांना पीळ घालून गुंफलेले. एखाद्या लहान मुलीची वेणी असावी तसे. टोकाला एक गोल पेशी, मणी ओवावा तशी.

त्यांची एकुलती एक मुलगी यमुना नऊ वर्षांची असताना विषमज्वराने गेली होती. त्याआधीच्या उन्हाळ्यात सगळे तिरुविसनल्लूरला चंद्राबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या माहेरी राहिले होते. तिथल्या एका आटत चाललेल्या तळ्यात उतरून यमुनेने वडिलांसाठी बाटली भरली होती. पावसाळ्यात मुलगी गेली. बाटली तशीच, आतलं नासू नये म्हणून औषध घालून, कपाटात राहिली. तेरा दिवस झाल्यावर करायला काही सुचेना, तेव्हा त्यांनी ती उघडली, आणि त्यात ही वेणी मिळाली. कोणत्याही ग्रंथात तिची नोंद नव्हती. त्यांनी नवी जात म्हणून ती प्रसिद्ध केली आणि तिला मुलीचं नाव दिलं. विलायतेतल्या नियतकालिकात ते छापून आलं. तळं पुढे बुजवून तिथे भाताची गिरणी झाली, आणि तशी वेणी पुन्हा कुठल्या पाण्यात मिळाली नाही.

भौतिकशास्त्राचे प्रोफेसर सारंगपाणी हे कोनेररावांचे पंचवीस वर्षांचे मित्र. ते काशाच्या घंटांचा अभ्यास करत. कुंभकोणमच्या ओतकाम करणाऱ्यांकडे जाऊन ते प्रत्येक घंटेचा नाद मोजत आणि वहीत उतरवत. रोज चार वाजता दोघं कॉलेजसमोरच्या हॉटेलात कॉफीला बसत. सारंगपाणी आधी डबऱ्याला, म्हणजे पेल्याखालच्या पितळी वाटीला, टिचकी मारून त्याचा स्वर सांगत, मग कॉफी ओतून घेत. कोनेरराव आपल्या पेल्याच्या कडेला पाहत, शेवाळ धरलंय का म्हणून. वेटर दोघांनाही भीत असे.

आमच्याकडे तेव्हा संशोधकांचं एक मंडळ होतं. त्यात अर्ज करून कोणाला जाता येत नसे. ज्याचं संशोधन छापलं गेलं आहे त्याला सभासदांनी बोलवायचं. तंजावर, मायावरम, तिरुची इथले पंधरा-वीस प्राध्यापक सभासद होते. मलाही कोनेररावांच्या शिफारशीने नुकतंच बोलावणं आलं होतं. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे आमच्या त्या छोट्या जगातला सगळ्यात मोठा मान. शिवाय नियम असा की अध्यक्षाच्या कारकिर्दीत त्याच्या विषयातला एक ग्रंथ मंडळाने छापायचा.

जुने अध्यक्ष निवृत्त झाले आणि पत्रक आलं. इच्छुकांनी आपलं संशोधन आणि अध्यक्ष झाल्यास काय करणार, हे एका पानात लिहून पाठवावं. कोनेररावांनी पाठवलं. चार दिवसांनी कळलं, सारंगपाणींनीही पाठवलं आहे.

दोघांनी एकमेकांना आधी सांगितलं नव्हतं. कॉफी चालू राहिली, पण बोलणं हवापाण्याचं होऊ लागलं. कोनेरराव रविवारी बसने सभासदांच्या घरोघर जाऊ लागले, प्रत्येकासाठी कुंभकोणमच्या कोवळ्या विड्याच्या पानांची चवड घेऊन. सारंगपाणी कोणाकडे गेले नाहीत. त्यांनी सगळ्यांना टाइप केलेली पत्रं पाठवली. कोनेररावांना ते पद हवं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मंडळाच्या कागदावर सही कशी दिसेल हे त्यांनी टिपकागदावर करून पाहिलेलं मी पाहिलं आहे. पण त्याहून त्यांना हवी होती ती जिल्ह्यातल्या शेवाळांची सूची. वीस वर्षांचं काम होतं. ती छापली गेली की यमुनेचं नाव ग्रंथात कायमचं बसणार होतं.

त्याच उन्हाळ्यात मी प्रयोगशाळेत काही काचेच्या बशा मांडल्या होत्या. पापनाशमच्या भातखाचरातलं अगदी साधं शेवाळ, कोणालाही ओळखू येईल असं. पाणी कमी होत गेलं की त्याचं काय होतं, एवढंच मला पाहायचं होतं. दहाव्या दिवशी पाणी तळाला गेलं. मी थेंब घेऊन पाहिला. तंतू दोन-दोन मिळून वळले होते. वेणी. मी बशीत ताजं पाणी घातलं. चौथ्या दिवशी तंतू पुन्हा सरळ. मी हे तीनदा करून पाहिलं.

आठवडाभर मी गप्प राहिलो. मग एका दुपारी त्यांना बोलावलं आणि सूक्ष्मदर्शक पुढे केला. ते बराच वेळ वाकून राहिले. मी दोन्ही बशा दाखवल्या, काय केलं ते सांगितलं. ते तमिळमध्ये बोलू लागले. हे आणखी कोणी पाहिलं आहे का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. निवडणूक होईपर्यंत बशा कपाटात ठेव, एवढं ते म्हणाले. दारापर्यंत गेले, परत आले, आणि मराठीत विचारलं, "तूं पाणी घातलेंस, तेव्हां ती सुटली?"

मी हो म्हणालो.

"हळूहळू सुटली काय?"

मी बशीवर झाकण ठेवलं. मग त्यांनीच विचारलं, टोकाचा मणी तुझ्या बशीत दिसला का. मला दिसला नव्हता. जुन्या औषधात राहून टोकाची पेशी फुगली असेल, असं मी म्हणालो. ते म्हणाले, असेल.

निवडणुकीला पंधरा दिवस राहिले असताना प्रोफेसर सारंगपाणी माझ्या घरी आले. ते कधी कोणाच्या घरी जात नसत. आईने दिलेलं ताक त्यांनी उभ्यानेच प्यायलं, आणि आम्ही पुढच्या ओट्यावर बसलो. ते तमिळमध्ये अगदी सावकाश बोलले. पुढच्या वर्षी आपण निवृत्त होणार, घंटांच्या वह्या छापायची ही शेवटची संधी, हे त्यांनी लपवलं नाही. मग म्हणाले, "ग्रंथ एकाचाच निघणार. कोनेररावाचं काम माझ्यापेक्षा मोलाचं असेल, तर मी बाजूला होतो. मला शेवाळातलं कळत नाही. त्याला विचारलं तर तो खरं सांगेल आणि स्वतःचं नुकसान करून घेईल. म्हणून तुम्हाला विचारतो."

मी म्हणालो, "सर, त्यांनी नवी जात शोधली आहे. असं काम आपल्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचं नाही."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र मंडळाकडे गेलं, की माझं नाव मागे घेतो. कोनेरराव बिनविरोध निवडून आले. त्या दिवशी कॉफीला सारंगपाणींनी स्वतः उठून त्यांच्या गळ्यात हार घातला. कोनेररावांनी तो लगेच काढला आणि मांडीवर घेऊन बसून राहिले.

अध्यक्षांचं भाषण कॉलेजच्या मोठ्या दालनात, शनिवारी दुपारी झालं. सगळे सभासद आले होते. पहिल्या रांगेत सारंगपाणी, आणि बाजूच्या खुर्च्यांवर बायकांमध्ये चंद्राबाई. विषय होता तिरुविसनल्लूरच्या तळ्यातली नवी जात. कोनेररावांनी नवा कोट शिवला होता. ते लिहून आणलेलं वाचत होते. तळ्याचं वर्णन झालं, बाटलीची हकिकत झाली. मुलीचं नाव आलं आणि त्यांचा आवाज थांबला. कागद हातात होता, ओठ हलत होते, शब्द बाहेर येत नव्हते. बायकांत कोणीतरी डोळ्याला पदर लावला. सारंगपाणी उठले, व्यासपीठावर गेले, मित्राला पाण्याचा पेला दिला, खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या हातातला कागद आपल्या हातात घेतला. पुढचं मी वाचतो, असं त्यांनी सभेला सांगितलं.

एक वाक्य त्यांनी वाचलं. अलीकडे आमच्या विभागात एक प्रयोग झाला, असं काहीतरी ते वाक्य होतं. मग ते थांबले. त्यांचे डोळे कागदावरून खाली गेले, पानाच्या शेवटापर्यंत. त्यांनी पान उलटलं, तेही मनात वाचलं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि त्या कागदावर काय आहे ते मला तेव्हा उमगलं. कोनेररावांनी माझ्या बशांचं सगळं, तारखांसकट, लिहून आणलं होतं.

सारंगपाणींनी चष्मा काढला. "पुढचा भाग कोष्टकांचा आहे," ते म्हणाले. "तो छापून येईलच. सभेला त्याचा त्रास नको." कागदाची नीट घडी करून त्यांनी ती कोनेररावांच्या नव्या कोटाच्या खिशात घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोनेरराव उठू पाहत होते. सारंगपाणींनी त्यांच्या खांद्यावर हात दाबून ठेवला होता.

त्यानंतर दोघं चार वाजता एकत्र बसले नाहीत. भांडण झालं नाही, कोणी कोणाला शब्द बोललं नाही. सारंगपाणी त्या वेळी ग्रंथालयात जाऊ लागले. कोनेरराव हॉटेलात एकटे जात, कॉफी मागवत आणि निवाली की तशीच ठेवून उठत. एकदा मी सोबत होतो. ते म्हणाले, "त्यानें वाचायला पाहिजे होतें, पंढरी. माझ्यानें झालें नाहीं, म्हणून देवानें त्याच्या हातीं कागद दिला. त्यानें तो मलाच परत दिला. आतां मी कोठें ठेवूं?"

वर्षभराने सारंगपाणी मुलाकडे मद्रासला जायला निघाले. मी सामान बांधायला मदत करायला गेलो. घंटांच्या वह्या एका पत्र्याच्या पेटीत भरल्या जात होत्या. त्यांनी स्वतः कुलूप लावलं आणि पेटीवरच बसले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं. ते रागावलेले नव्हते, उलट समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "मुलीचं कारण तुम्ही मला सांगितलं असतंत, तरी मी नाव मागे घेतलंच असतं. ती माझ्या मांडीवर खेळलेली पोर. खोटं कशाला बोललात?" त्या वह्या छापल्या गेल्या नाहीत एवढं मला पुढे कळलं.

सूचीचं काम कोनेररावांनी दोन वर्षं केलं. मुद्रितं माझ्याकडे तपासायला येत. जिथे ती जात यायला हवी होती त्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने नाव खोडलं आणि खाली उपटीप लिहिली, की पूर्वी या नावाने वर्णिलेली जात ही साध्या शेवाळाचीच आटत्या पाण्यातली अवस्था आहे. हे दाखवून दिल्याबद्दल माझं नाव घालून आभारही मानले. माझं नाव काढा म्हणून मी हट्ट धरला. ते म्हणाले, "तें खरें आहे, तें राहूं दे." ग्रंथ निघाला. कोणी काही विचारलं नाही. शेवाळांच्या सूचीतल्या उपटिपा वाचतो कोण?

विचारणारं एक माणूस होतं. चंद्राबाईंना इंग्रजी येत नसे. विलायतेतलं ते जुनं नियतकालिक त्यांनी देवघरात ठेवलेलं होतं आणि यमुनेच्या नावाच्या पानावर कुंकवाचं बोट होतं. नवा ग्रंथ घरी आला तेव्हा कोनेरराव तो मेजावर ठेवून बाहेर निघून गेले. मी त्याच संध्याकाळी काही कामाने गेलो, तर त्या ग्रंथ हातात घेऊन पुढच्या खोलीत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "हे सांगेनात. यमुना कोणत्या पानावर आहे, दाखवतोस?"

मी पान काढलं. उपटिपेत ते नाव होतं. रद्द करण्यासाठी का होईना, लिहावं लागलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं. त्या पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिल्या.

"एवढें बारीक कां?"

"पानावर जागा कमी होती," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि कुंकवाची कोयरी आणायला आत गेल्या.

त्या वर्षी कोनेररावांनी मुदत संपण्याआधीच अध्यक्षपद सोडलं. निवृत्तही झाले. ते आता रोज पहाटे बाहेर पडतात आणि दुपारी चिखलाने भरून येतात, असं लोक सांगू लागले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी यातलं काही लपवलं नाही. पुस्तकातून तिला काढली, आता मोकळेपणाने शोधतो, असं ते साध्या आवाजात म्हणाले. आटत चाललेलं पाणीच पाहायचं. इतकी वर्षं आपण भरलेली तळी पाहत फिरलो. आणि तो टोकाचा मणी तुझ्या बशीत नव्हता, हे त्यांनी मला पुन्हा सांगितलं. मी तेव्हा वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मी नंतर नागपूरला अनेकदा त्याच शेवाळाच्या बशा मांडल्या. वेणी दरवेळी मिळाली. मणी एकदाही दिसला नाही. त्याचा अर्थ काय, ते मला अजून नक्की माहीत नाही.

नागपूरची नेमणूक आली आणि निघण्याआधी निरोप घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो, तर ते नव्हते. दोन दिवसांनी मी तंजावरला जाणाऱ्या बसमध्ये होतो. पापनाशमच्या अलीकडे चाकातली हवा गेली म्हणून बस थांबली. उन्हाळा होता, खाचरं भेगाळलेली. रस्त्यापासून थोड्या अंतरावर एका पाटात वीतभर पाणी उरलं होतं आणि त्यात धोतर गुडघ्यावर खोचून कोनेरराव उभे होते. अंगात कोट नव्हता. ते इतके वाकले होते की कपाळ पाण्याला टेकेल असं वाटत होतं. बांधावरून जाणाऱ्या एका बाईने डोक्यावरचा भारा सावरत त्यांना काहीतरी विचारलं; त्यांनी वर न पाहता उत्तर दिलं, आणि ती पाय न वाजवता पुढे गेली.

मी उतरून बांधावरून त्यांच्याकडे निघालो. माझ्या पायाखालचं ढेकूळ फुटून पाटात पडलं. त्यांनी मागे न बघता एक हात वर केला, पंजा उघडा. पाणी हलवू नको. मी होतो तिथे थांबलो. पाण्यावरचे तरंग त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत गेले, परत आले, विरले. त्यांचा हात तसाच वर होता. रस्त्यावरून कंडक्टरने शिटी दिली, मग पुन्हा दिली. मी उलट्या पावलांनी, जमेल तितक्या हळू, बांधावरून मागे आलो.